अणुभट्टीतील वितळलेला धातू : एका निवडीची पार्श्वभूमी

अणुभट्टीतील उष्णता काढून घेण्यासाठी पाण्याऐवजी वितळलेला धातू खेळवण्याची कल्पना अणुविजेपेक्षाही जुनी आहे. तिचे मूळ न्यूट्रॉनच्या वेगात आहे. पाण्यातील हायड्रोजनवर आदळून न्यूट्रॉन मंदावतात. जळणाऱ्या इंधनापेक्षा अधिक प्लुटोनियम तयार करायचे असेल, तर ते वेगवानच राहावे लागतात.

१९४६ साली अमेरिकेत लॉस अलामॉस येथे सुरू झालेल्या ‘क्लेमेंटाइन’ या २५ किलोवॉटच्या भट्टीत पारा वापरला गेला. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि उष्णता वाहून नेण्यातही कमी पडतो, त्यामुळे शीतक, म्हणजे भट्टीतील उष्णता वाहून नेणारे द्रव्य, म्हणून तो मागे पडला. पुढे आयडाहोमध्ये २० डिसेंबर १९५१ रोजी सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रणाने थंड केलेल्या भट्टीच्या विजेवर चार दिवे पेटले.

त्यानंतर पुढे आले ते सोडियम. ते ९८ अंशांना वितळते आणि ८८३ अंशांना उकळते, त्यामुळे पाचशे अंशांच्या वर तापवूनही भट्टीत मोठा दाब ठेवावा लागत नाही. मात्र हवेत ते पेट घेते, पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन सोडते आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने स्वतः किरणोत्सारी होते. म्हणून भट्टी आणि वाफेचे यंत्र यांच्यामध्ये सोडियमचेच आणखी एक मंडल, म्हणजे बंद नळमार्ग, ठेवावे लागते. सोव्हिएत नौदलाने हा धोका टाळण्यासाठी शिसे-बिस्मथ निवडले, परंतु १९६८ मध्ये ‘के-२७’ या पाणबुडीवर इंधनाचे शीतन बिघडले आणि किरणोत्साराने खलाशी दगावले. शिवाय बिस्मथपासून पोलोनियम-२१० हे घातक द्रव्य तयार होते.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग जपानमधील ‘मोंजू’ या सोडियमने थंड होणाऱ्या भट्टीतील आहे, असे मला वाटते. ८ डिसेंबर १९९५ रोजी तेथे दुसऱ्या मंडलाच्या नळात बसवलेली तापमापकाची बारीक नळी प्रवाहाच्या कंपनांनी तुटली आणि शेकडो किलो सोडियम बाहेर येऊन पेटले. किरणोत्सार पसरला नाही, पण अपघाताच्या चित्रफितीतील भाग दडवल्याचे उघड झाले आणि लोकांचा विश्वास उडाला. २०१६ मध्ये ती भट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय झाला.

भारतानेही सोडियमचीच वाट धरली, कारण आपल्याकडे युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल. होमी भाभा यांच्या त्रिस्तरीय आराखड्याचा दुसरा टप्पा, म्हणजे जळते त्यापेक्षा अधिक इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या, सोडियमवरच उभा आहे. कल्पाक्कम येथील चाचणी भट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी कार्यान्वित झाली आणि तिचे कार्बाइड इंधन मुंबईत, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाले.

शीतक म्हणून बाजूला पडलेला पारा पुढे लक्ष्य म्हणून परतला. अमेरिकेत ओक रिज येथील प्रयोगशाळेत २००६ पासून प्रोटॉनचा झोत सेकंदाला साठ वेळा पाऱ्यावर आदळवून न्यूट्रॉन मिळवले जातात. प्रत्येक धक्क्याने पाऱ्यात दाबलहरी उठतात, सूक्ष्म पोकळ्या तयार होऊन मिटतात आणि पोलादी भांड्याच्या आतील पृष्ठभागावर खड्डे पडतात. त्यावर उपाय म्हणून पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडले जातात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ‘मेगापाय’ या प्रयोगात शिसे-बिस्मथचे लक्ष्य सुमारे चार महिने चालवले गेले. अशाच झोतावर चालणाऱ्या भावी भट्ट्यांत हे मिश्रण लक्ष्य आणि शीतक अशी दोन्ही कामे करू शकेल का, हे त्यातून पाहायचे होते. वापरानंतर ते लक्ष्य गोठू दिले गेले आणि धातूने पोलादावर काय परिणाम केला हे तपासण्यासाठी त्याचे आडवे काप काढण्यात आले.