पान्हा फुटण्याआधीचे दहा सेकंद

उंदरीण पिल्लांना पाजायला बसली की दहा-बारा पिल्लं आचळांना चिकटतात आणि ओढत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, दूध चाललंय. प्रत्यक्षात बराच वेळ त्यांच्या पोटात जवळजवळ काहीच जात नसतं. पाच-दहा मिनिटं अशीच जातात. मग एकाएकी सगळी पिल्लं एकदम अंग ताणतात, मागचे पाय ताठ करतात आणि जीव खाऊन चोखू लागतात. काही सेकंदांत पुन्हा सामसूम. तेवढ्यात आईला पान्हा फुटून गेलेला असतो.

दूध तयार होणं निराळं आणि पान्हा फुटणं निराळं, हे आपल्या भाषेला शरीरशास्त्राच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. नाहीतर 'गाय पान्हा चोरते' असं कोण म्हणालं असतं? कास भरलेली आहे, धार मात्र येत नाही. दूध साठतं ते अगदी बारीक पिशव्यांमध्ये. प्रत्येक पिशवीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. ती आवळली गेली तरच दूध नळ्यांमध्ये उतरतं. ही जाळी आवळण्याचा निरोप देणारं संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतो.

निरोप नसांवाटे येत नाही, रक्तातून येतो, हे १९४१ साली एली आणि पीटरसन यांनी गाईंवर दाखवलं. कासेच्या अर्ध्या भागाच्या नसा तोडल्या, तरी त्या भागातूनही दूध आलंच. मग त्यांनी गाईला घाबरवलं. पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा आटला. प्रयोग थोडा दुष्टपणाचाच, पण गाय पान्हा का चोरते याचा धागा इथे हाती लागला. भीतीने सुटणारं ॲड्रिनलिन मध्ये आडवं येत होतं.

मेंदूच्या आत काय घडतं, हे कळायला आणखी तीस वर्षं लागली. १९७३ साली ब्रिस्टल विद्यापीठात वेकर्ली आणि लिंकन यांनी भूल दिलेल्या उंदरिणीच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक इलेक्ट्रोड उतरवला. पिल्लं आचळांना लावली आणि दुधाच्या नळीतला दाबही सोबत मोजत ठेवला. इलेक्ट्रोड ज्या पेशीजवळ आहे ती नेमकी पिट्युटरीपर्यंत, म्हणजे मेंदूखालच्या ज्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं तिथपर्यंत, पोचणारीच आहे, हे कसं ओळखायचं? त्यांची युक्ती मला फार आवडते. पिट्युटरीच्या मागच्या भागाला विजेचा हलका झटका द्यायचा. तो चेतातंतूवरून उलटा चालत पेशीपर्यंत आला, तर तार तिथेच जोडलेली आहे हे नक्की.

एरवी या पेशी सेकंदाला एक-दोन, फार तर तीन विद्युतस्पंद सोडत रमतगमत चाललेल्या असतात. पिल्लं ओढू लागली तरी त्यांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. आणि मग, कसलीही ठळक पूर्वसूचना न देता, त्या उसळतात. दोन-चार सेकंदांत सत्तर-ऐंशी स्पंद. वेग नेहमीच्या वीस ते चाळीस पट. त्यानंतर काही क्षण पूर्ण मौन, आणि पुन्हा जुनी संथ चाल. इकडे दाबाची रेघ अजून सपाटच असते. दहा-पंधरा सेकंद उलटतात, कारण ऑक्सिटोसिनला रक्तातून मेंदूपासून स्तनांपर्यंतचा प्रवास करायचा असतो. मग दाब झपकन चढतो आणि पिल्लं अंग ताणतात.

शेजारीच व्हॅसोप्रेसिन हे दुसरं संप्रेरक सोडणाऱ्या पेशी असतात. दिसायला तशाच, तारा त्याच पिट्युटरीकडे गेलेल्या. पिल्लांच्या ओढण्याची त्या अशी दखल घेत नाहीत.

स्पंद असे एका दमात का सोडायचे? तेवढेच सत्तर-ऐंशी पाच मिनिटांत सावकाश वाटून सोडले तर? तर पान्हा फुटत नाही. चेतातंतूच्या टोकाशी ऑक्सिटोसिन इवल्या पुड्यांत भरलेलं असतं आणि पुडी फुटायला आत कॅल्शियम साचावं लागतं. एकेकटा स्पंद थोडं कॅल्शियम आत आणतो, ते लगेच उपसलं जातं. स्पंद एकामागोमाग आले की आधीचं उपसण्याआधीच पुढचं येऊन साचतं, त्यामुळे दर स्पंदामागे सुटणारं संप्रेरक कित्येक पटींनी वाढतं. शिवाय रक्तात मिसळल्यावर ते विरळ होतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत निम्मं नाहीसंही होतं. थेंब थेंब सोडलेलं ऑक्सिटोसिन वाटेतच संपेल. जाळी आवळायला लोंढाच हवा.

लोंढा एका पेशीने येत नाही. उंदराच्या मेंदूत अशा पेशींची संख्या काही हजारांत आहे आणि त्या डाव्या-उजव्या अशा चार मुख्य पुंजक्यांत विखुरलेल्या आहेत. तरी चारही पुंजके सेकंदाच्या काही अंशांच्या फरकाने एकदमच उसळतात. कुणीतरी म्होरक्या इशारा देत असेल, असा कयास साहजिकच होता. पण उलगडत गेलं ते वेगळंच. या पेशी ऑक्सिटोसिन फक्त पिट्युटरीत सोडत नाहीत. आपल्या फांद्यांमधून, तिथल्या तिथे, मेंदूतही सोडतात. ते शेजारणींना लागतं, त्या अधिक उत्तेजित होतात आणि स्वतःही सोडू लागतात. मेंदूतल्या पोकळीत किंचित ऑक्सिटोसिन टोचलं तर उसळ्या लवकर लवकर येतात, हे फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं. पाजणाऱ्या आईत तर या पेशींची रचनाच बदललेली असते. एरवी दोन पेशींच्या मध्ये आधारपेशींचे पातळ पापुद्रे असतात, ते मागे सरतात आणि पेशी एकमेकींना अंगाशी अंग लावून बसतात. पाजणं थांबल्यावर पापुद्रे परत येतात. २००८ साली रोसोनी, मूस, लेंग आणि सहकाऱ्यांनी एवढेच नियम संगणकात घातले, आणि म्होरक्याशिवाय उसळ्या उमटल्या. टाळ्यांचा कडकडाट होताना एका क्षणी सगळे हात एका ठेक्यात येतात, तसंच काहीसं.

उंदरिणीबाबत आणखी एक गंमत. पान्हा फुटायला तिला डुलकी लागावी लागते, गाढ, मंद लहरींची झोप. म्हणूनच भूल दिलेल्या आईवर हा प्रयोग जमून गेला. सगळ्या प्राण्यांत तसं नाही. डुकरीण जागीच असते. साधारण तासाभराने पाजते, आणि दूध वाहतं जेमतेम वीस सेकंद. त्याच्या जरा आधी तिचं घुरघुरणं एकदम जलद होतं, म्हणजे पिल्लांना घोषणाच म्हणायची.

ऑक्सिटोसिनला वर्तमानपत्रांनी 'प्रेमाचं संप्रेरक' करून टाकलंय, त्याचा मला थोडा वैताग येतो. ज्या उंदरांमध्ये त्याचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्या माद्यांची बाळंतपणं सुरळीत झाली, पिल्लांना जवळही घेतलं. पण पिल्लं चोखत राहिली आणि पोटं रिकामीच. आईला ऑक्सिटोसिन टोचलं, तेव्हा त्यांना दूध मिळालं.

माणसाच्या आईतही ते लाटांनीच सुटतं. १९८३ साली मॅकनीली आणि सहकाऱ्यांनी पाजणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने थोड्या थोड्या वेळाने घेतले, तेव्हा कित्येक जणींत बाळ अंगावर लागण्याआधीच ऑक्सिटोसिन वाढलेलं सापडलं. बाळ नुसतं रडलं, चुळबुळलं, तेवढ्यानेच. ही वाट २०२३ साली उंदरिणीच्या मेंदूत माग काढत सापडली. पिल्लांची हाक कानांतून थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूतल्या इंद्रियांचे निरोप पुढे धाडणाऱ्या ठाण्याच्या, एका कोपऱ्यात जाते आणि तिथून थेट ऑक्सिटोसिनच्या पेशींवर. हाक काही वेळ चालू राहिली की पेशींवरचा लगाम सैल होतो, आणि हाक थांबल्यावरही तो बराच वेळ सैलच राहतो. त्याच पेशींना नुसते एकसुरी आवाज ऐकवले. त्यांनी दाद दिली नाही.