सातबाऱ्यावर "मालक" हा शब्द का नसतो

गावाकडं जमिनीवरनं वाद पेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सातबारा माझ्या नावावर आहे, जमीन माझी". कोर्टात हे एवढ्यावर टिकत नाही, सुप्रीम कोर्टाने कितीतरी निकालांत सांगितलंय की महसुली नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. मग ज्या कागदावर शेतकऱ्याचा एवढा जीव असतो तो कागद नेमका आला कुठून हे बघायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पेशवाईत जमीन कसणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेला, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने कसणारा. 1818 ला पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी इथं रयतवारी आणली, म्हणजे मधे जमीनदार नाही, सारा म्हणजे जमिनीवरचा कर थेट कसणाऱ्याकडून. पहिली पाहणी प्रिंगल साहेबाची, त्याने निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा धरला, तो लोकांना झेपेचना, जमिनी टाकून माणसं निघून जायला लागली. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सगळं नव्याने सुरू केलं, शेतात 33 फुटी साखळी टाकून मोजणी, जमिनीची प्रत म्हणजे कस आण्यात, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर आणि सारा 30 वर्षं कायम. आपला गुंठा त्याच साखळीतला, एक साखळी लांब एक साखळी रुंद, 1089 चौरस फूट, असे 40 झाले की एकर.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरकारला जमीन कुणाच्या मालकीची यापेक्षा सारा कुणाकडून वसूल करायचा हे पाहिजे होतं, म्हणून दप्तरात कब्जेदार, खातेदार, भोगवटादार असे शब्द आले, 1879 च्या जमीन महसूल कायद्यातही तेच, आणि आजच्या उताऱ्यावर भोगवटादार वर्ग 1, वर्ग 2 लिहितात ते त्याच घरातले.

पुढं अडचण अशी झाली की जमिनी गहाण पडत होत्या, विकल्या जात होत्या, वाटण्या होत होत्या आणि दप्तरात नाव जुनंच. म्हणून 1903 ला हक्कनोंदणीचा कायदा आला, 1913 ला तो महसूल कायद्यातच घातला. त्यातून गाव नमुने बसले, नमुना 6 म्हणजे फेरफार, हक्क बदलल्याची नोंद, नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, कुणाचा काय हक्क ते, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद, आणि 7 व 12 एकाच कागदावर म्हणून सातबारा. 1948 च्या कूळकायद्यानंतर, खास करून 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर, हजारो कुळं कायद्याने मालक धरली गेली आणि त्यांची नावं याच कागदावर लागली, त्यामुळं लोकांच्या मनात सातबारा म्हणजेच मालकी हे आणखी घट्ट बसलं, आणि ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या रानात राबून जमीन मिळवली त्याला तसं वाटणारच. आजही अशा उताऱ्यावर इतर हक्कात "कलम 43 ला पात्र" असा शेरा दिसतो, म्हणजे कूळकायद्याच्या कलम 43 प्रमाणे विकायला परवानगी लागायची, 2014 पासून काही अटींवर ती लागत नाही.

1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचं कलम 157 म्हणतं की नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, वारसा यावरून, फेरफार त्याची नुसती खबर असते.

आमच्याच घरातला जुना उतारा आहे, त्यावर फक्त थोरल्या चुलत आजोबांचं नाव आणि पुढं ए.कु.मॅ. ही तीन अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सोयीसाठी एकाचंच नाव लावलेलं. पुढं कधीतरी उतारा नव्याने लिहिताना ती अक्षरं गळाली आणि बाकीच्या दोन भावांची मुलं कागदावर परकी झाली. नावाशेजारच्या गोलातला फेरफाराचा नंबर बघून तहसीलमधून तो जुना फेरफार काढला तेव्हा त्यात तिघांचीही नावं निघाली.