रेशनच्या तांदळात प्लास्टिक? खुलासा

'रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे मिसळतात, पाण्यात टाकले की तरंगतात' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. दाणे वेगळे दिसतात हे खरं, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण ते प्लास्टिक नाही.

२०१९-२१ च्या देशव्यापी आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यावर उपाय म्हणून तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळून, यंत्रातून दाबून दाणे बनवले जाऊ लागले. रेशनच्या तांदळात साधारण शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळला जाऊ लागला. हे दाणे हलके असल्याने काही तरंगतात.

घरीच तपासा. संशयित दाणे वेचून काही कोमट पाण्यात भिजवा आणि बोटांनी चुरडा, त्यांचं पीठ होईल. उरलेल्यांवर टिंचर आयोडीनचा थेंब टाका, ते निळे-काळे होतील, कारण त्यांत स्टार्च आहे. प्लास्टिकचं असं काही होत नाही. (आयोडीन लावलेले दाणे मात्र फेकून द्या.)

या तांदळाने रक्तक्षय नेमका किती कमी होतो, यावर संशोधकांत मतभेद आहेत, आणि तो प्रश्न जरूर विचारावा. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असलेल्यांनी लोहयुक्त अन्नाबद्दल डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी हे दाणे वेचून फेकू नयेत, पोषण त्यांतच आहे.