आपल्या कोबोल प्रोग्राममधील तारखा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रमाणित कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत तारखेसाठी स्वतंत्र डेटा प्रकार नाही. संगणकाच्या लेखी ती सहा किंवा आठ अंकांची एक संख्या असते आणि त्यातले वर्ष कोणते, दिवस कोणता, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून जुन्या प्रोग्रामची दुरुस्ती हाती घेताना आम्ही सर्वांत आधी तारखांची फील्ड (रेकॉर्डमधील त्यांच्यासाठी राखलेल्या जागा) तपासतो.

फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आठ अंकांतच साठवावी, अशी आमची शिफारस आहे. ३१ मार्च २०२६ ही तारीख २०२६०३३१ अशी ठेवल्यास सॉर्ट केलेले रेकॉर्ड आपोआप कालक्रमाने लागतात. पासबुकावर ती ३१/०३/२०२६ अशीच दिसावी. मात्र ती मांडणी छपाईपुरतीच ठेवावी. दिवसापासून सुरू होणारी आठ अंकी संख्या चुकून सहा अंकी संख्यात्मक फील्डमध्ये मूव्ह झाली, तर डावीकडचे दोन अंक गळतात, म्हणजे नेमका दिवसच नाहीसा होतो, आणि प्रोग्राम मात्र काहीच न घडल्यासारखा पुढे चालू राहतो.

वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवल्याने शतक न कळण्याचा प्रश्न २००० साली कायमचा मिटला, असा समज आढळतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फाइल तशाच ठेवून शतक अंदाजाने ठरवण्याची सोय करण्यात आली. त्यासाठीचे प्रमाणित फंक्शन, वेगळी सूचना नसल्यास, चालू वर्षात ५० मिळवून शंभर वर्षांच्या कालखंडाचा शेवट ठरवते. त्यामुळे ७५ हे वर्ष २०२४ मध्ये १९७५ असे वाचले गेले आणि १ जानेवारी २०२५ पासून तेच २०७५ झाले. १९४८ साली जन्मलेले निवृत्तिवेतनधारक या हिशेबाने कितीतरी आधीच भविष्यकाळात जाऊन बसले आहेत. जन्मतारखेसाठी हा उपाय आम्ही वापरत नाही. तिथे रेकॉर्डची लांबी वाढवणे खर्चाचे असले, तरी तेच योग्य आहे.

व्याजाचे दिवस काढताना दोन तारखांची थेट वजाबाकी करू नये. २०२६०४०१ मधून २०२६०३३१ वजा केल्यास ७० उरतात, अंतर मात्र एकाच दिवसाचे असते. इंटिजर-ऑफ-डेट हे फंक्शन १ जानेवारी १६०१ हा पहिला दिवस धरून प्रत्येक तारखेला क्रमांक देते, आणि त्या क्रमांकांची वजाबाकी बरोबर येते. आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवरील सीईईडेज ही सेवा मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून मोजते. एका पद्धतीचा क्रमांक दुसऱ्या पद्धतीच्या क्रमांकातून वजा होणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेवर) लावलेले असल्यास, १ एप्रिलला रात्री साडेबारा वाजता चालणाऱ्या बॅचला (नोंदींवरील एकगठ्ठा प्रक्रियेला) ३१ मार्च हीच तारीख मिळते आणि नोंदी मागील आर्थिक वर्षात पडतात. करंट-डेट फंक्शनच्या २१ अक्षरांपैकी शेवटची पाच यूटीसीपासूनचा फरक सांगतात. भारतीय वेळेसाठी तिथे +०५३० दिसले पाहिजे.

प्रोग्राम पाठवताना सोबत कॉपीबुक (रेकॉर्डमधील फील्डची मांडणी सांगणारी फाइल) जोडावे आणि तारखेच्या जागी शून्ये किंवा ९९९९९९९९ भरण्याची पद्धत असल्यास त्यांचा अर्थ लिहून कळवावा, कारण 'मुदत नाही' आणि 'तारीख माहीत नाही' यांतला फरक कोडवरून दर वेळी कळतोच असे नाही.