मिरची भाजताना ठसका का लागतो?

तिखटपणा मिरचीच्या बियांत असतो, असं बहुतेक घरांत मानलं जातं. प्रत्यक्षात बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या पांढरट शिरांमध्ये कॅप्सायसिन हे तिखटपणा देणारं रसायन तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. भाजताना खोकून बेजार करतं तेही हेच रसायन.

एरवी ते सहजासहजी हवेत उडत नाही. पण मिरची करपू लागली, की धुराच्या आणि तेलाच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर ते घरभर पसरतं. आपल्या नाकातल्या, घशातल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणं हे त्याचं काम. कॅप्सायसिन नेमकं त्यालाच चिकटतं आणि काही भाजलेलं नसतानाही मेंदूकडे भाजल्याची वर्दी जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं ते कॅप्सायसिनच्याच आधारे. या कामासाठी २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

आता ओव्हनमध्ये मिरची भाजण्याकडे वळू. इथे सगळा खेळ पाण्याचा आहे. ताज्या हिरव्या मिरचीत बहुतांश पाणीच असतं आणि ते आहे तोवर आतला गर १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. म्हणून ओव्हन २२० अंशांवर ठेवला तरी चालतो. साल मात्र लवकर सुकते, फुगते, तिच्यावर तपकिरी डाग पडतात. ठेच्याला खमंगपणा देणारी रसायनं या डागांतच तयार होतात. मिरचीला आधी सुरीने एक चीर द्यावी, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने ती फुटते.

वाळलेल्या लाल मिरचीत तापमान रोखून धरायला पाणीच नसतं. २२० अंशांवर ती बघता बघता काळी पडते आणि खकाणा उठतो. मसाल्यासाठी १०० ते १२० अंश पुरे; वास सुटला, मिरची कुरकुरीत झाली की लगेच बाहेर काढावी. माझ्या मते ओव्हनचा खरा फायदा इथेच आहे, कारण तव्यावर इतकी मंद आणि सारखी आच राखणं कठीण. फक्त दार उघडताना तोंड बाजूला हवं आणि खिडकी उघडी.

भाजल्याने तिखटपणा मात्र फारसा कमी होत नाही. कॅप्सायसिन बऱ्यापैकी टिकून राहतं, पाणी तेवढं उडतं. त्यामुळे भाजलेली मिरची उलट जास्त झोंबू शकते. हाताची आग नुसत्या पाण्याने जात नाही, कारण कॅप्सायसिन तेलात विरघळतं. आधी हाताला तेल चोळावं, मग साबण लावावा.