ओंडोल

ओंडोल : घराच्या जमिनीखालून चुलीतील धूर व तप्त वायू खेळवून खोली उबदार ठेवण्याची कोरियन द्वीपकल्पातील परंपरागत पद्धती. देशी कोरियन भाषेत तिला ‘गुदुल’ असेही म्हणतात. आधुनिक काळात जमिनीखालील नळ्यांतून गरम पाणी फिरवणाऱ्या व्यवस्थेलाही ओंडोल हेच नाव चालू राहिले आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लाकूडफाट्यावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीचा विचार केला आहे.

हिवाळ्यात कोरियावर सायबेरियाच्या बाजूने कोरडे, बोचरे वायव्य वारे वाहतात. सेऊलचे जानेवारीतील सरासरी तापमान गोठणबिंदूखाली असते. अशा हवामानात परंपरागत कोरियन घर (हानोक) मात्र फारसे बंदिस्त नसे. लाकडी सांगाडा, कुडावर माती लिंपून केलेल्या भिंती आणि दारे-खिडक्यांच्या जाळीदार चौकटींवर चिकटवलेला तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा कागद, अशी त्याची घडण असे. लाकूड वाळून आखडले की चौकटीभोवती फटी पडत आणि त्यांतून वारा आत येई. असल्या घरातली हवा तापवली तरी ती टिकत नाही; म्हणून माणूस ज्यावर बसतो, जेवतो व निजतो ती जमीनच तापवावी, हे ओंडोलमागचे तत्त्व होय. त्यामुळे ओंडोलचे वर्णन केवळ ‘तापती जमीन’ असे करणे अपुरे ठरते. बुटके छत, आटोपशीर खोली, बाहेर काढून ठेवलेले जोडे, ठेंगणे सामान आणि जमिनीवरची बैठक हे सर्व त्याच योजनेचे भाग आहेत. घराचा दुसरा भाग म्हणजे ‘मारू’, ही उंचावरची लाकडी फळ्यांची मोकळी जमीन. ती तापवली जात नाही. दमट उन्हाळ्यातील वावर तेथे होई. उत्तरेकडचे ओंडोल व दक्षिणेकडची मारू यांच्या संयोगातून हानोक सिद्ध झाले, असे सामान्यपणे मानले जाते.

रचना : ओंडोलचे तोंड (आगुंगी) बहुधा स्वयंपाकघरात असते. अग्नी खोलीच्या जमिनीपेक्षा खाली राहावा लागत असल्याने स्वयंपाकघराची जमीन मुद्दाम खोल घेतलेली असते. आगुंगीवर मातीचा ओटा बांधून त्यात बिडाचे हंडे बसवतात. चुलीची धग वैलाकडे वळते तशी येथे ती भिंतीपलीकडे, खोलीच्या जोत्यात शिरते. सकाळ-संध्याकाळच्या भाताबरोबर जमीनही तापते. आगुंगीच्या आतल्या बाजूस एक चढण (बुनोमी) असते. तिच्यामुळे मार्ग अरुंद होऊन ज्वाळा वेगाने वर ओढल्या जातात, राख मागे अडते आणि धूर चुलीकडे उलटण्यास विरोध होतो. चढणीपलीकडे दगड-मातीचे बुटके बांध घालून धुराचे पाट (गोरे) काढलेले असतात. हे पाट समांतर, पंख्यासारखे पसरलेले किंवा सुट्या दगडांच्या आधारांमधून वाट काढणारे असे निरनिराळ्या प्रकारचे आढळतात. त्यांवर सपाट दगडी लाद्या टाकतात.

पाटांच्या शेवटी, धुराड्याच्या अलीकडे, गेजारी नावाचा आडवा खोल चर असतो. वरवर पाहता तो निरर्थक वाटतो, पण साऱ्या मांडणीत त्याचे काम नाजूक आहे. निवत आलेला धूर येथे रेंगाळतो, काजळी व ओल खाली बसते आणि वाऱ्याच्या दिवशी धुराड्यातून खाली घुसणारा झोत पाटांत जाण्याआधीच अडतो. धुराडे (गुलतुक) पुष्कळदा घरापासून थोडे दूर, स्वतंत्र उभे असते. सेऊलच्या ग्योंगबोक राजवाड्यातील आमिसान बागेची षट्कोनी विटांची धुराडी आणि जाग्योंग महालामागील, दीर्घायुष्याच्या दहा प्रतीकांनी सजवलेले धुराडे ही त्याची सर्वांत देखणी उदाहरणे होत. राजवाड्यात धुराचा उपद्रव टाळण्यासाठी लाकडाऐवजी लोणारी कोळसा वापरीत.

उष्णता सर्वत्र सारखी पोहोचावी म्हणून अग्नीजवळ जाड व दूरवर पातळ लाद्या बसवतात आणि वरचा मातीचा थरही त्याच प्रमाणात उतरता ठेवतात. लाद्यांमधील सांधे दगडाच्या कपच्या व माती यांनी बुजवावे लागतात, कारण एखादी चीर राहिली तरी धूर खोलीत येतो. गिलावा मंद आचेवर सुकला की त्यावर कागदाचे थर चिकटवतात व अखेरीस जाड कागदाचे आच्छादन (जांगपान) घालतात. त्याला तकाकी आणण्याची एक रीत अशी : भिजवलेले सोयाबीन वाटून त्यात पेरिला या वनस्पतीच्या बियांचे तेल मिसळतात, ते मिश्रण सुती पुरचुंडीत बांधतात आणि तिने जमीन पुनःपुन्हा घासतात. कागद त्यामुळे पिवळसर, गुळगुळीत व पाण्याला दाद न देणारा होतो. एवढी काळजी घेऊनही आगुंगीजवळचा भाग (आरेत्मोक) अधिक तापतो व पलीकडचा (विन्मोक) थंड राहतो. आरेत्मोकची जागा वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्यांची. उशिरा घरी येणाऱ्याच्या भाताचे झाकलेले भांडेही तेथेच पांघरुणाखाली ठेवीत.

उगम : ओंडोलचा उगम हा बराच वादाचा विषय आहे. वादाचे एक कारण असे की, भिंतीच्या कडेने जाणारा एक-दोन पाटांचा उबदार ओटा आणि संपूर्ण खोलीची तापती जमीन या दोन अवस्था पुष्कळदा एकच धरल्या जातात. पहिली अवस्था फार मोठ्या प्रदेशात आढळते. उत्तर कोरियातील सेजुक-री व नोनाम-री येथील आरंभीच्या लोहयुगातील वस्त्या, तुमेन नदीच्या परिसरातील व रशियाच्या प्रिमोर्ये भागातील क्रोउनोव्का संस्कृतीची घरे आणि बैकल सरोवराच्या पूर्वेस उलान-उदेनजीकची इव्होल्गा ही श्योंग्नू या भटक्या लोकांची तटबंदीयुक्त वस्ती, या सर्व ठिकाणी भिंतीलगत दगडी पाट सापडले आहेत. त्यांचे काल ढोबळमानाने इ. स. पू. चौथे ते पहिले शतक असे सांगितले जातात. तथापि स्थळास्थळांतील पौर्वापर्य निश्चित करण्याइतकी ही कालगणना सूक्ष्म नाही. क्रोउनोव्का संस्कृतीचा संबंध चिनी ग्रंथांतील उत्तर ओक्जो लोकांशी जोडला जातो आणि कोरियन इतिहासकार सोंग गि-हो यांनी ओंडोलची परंपरा उत्तर ओक्जो आणि नंतरची गोगुर्यो व बाल्हे ही प्राचीन राज्ये अशा क्रमाने मांडली आहे. उपलब्ध पुराव्यात हे मत अधिक सुसंगत दिसते. मात्र इव्होल्गासारख्या दूरच्या स्थळांचा त्यात कसा मेळ घालावयाचा, हा प्रश्न उरतो. उत्तर चीनमधील ‘कांग’ हा तापता ओटा याच कुळातला आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. कोणी कोणाकडून घेतले, याबद्दल मात्र आहे.

रोमन हायपोकॉस्टशी ओंडोलचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण हायपोकॉस्टमध्ये जमीन विटांच्या खांबांवर अधांतरी असून खाली सलग पोकळी असते, त्याचा मुख्य उपयोग स्नानगृहांत होई आणि स्वयंपाकाशी त्याचा संबंध नव्हता; शिवाय दोहोंमधील दुवा ठरेल असे स्थळ दाखवता आलेले नाही. दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे उदयास आल्या असाव्यात, असे मानणे इष्ट. अलास्कातील अनालॅस्का बेटालगतच्या अमॅकनॅक बेटावर सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या घरांत जमिनीखालील धुराचे दगडी पाट मिळाले आहेत. त्यांचा उलगडाही अशाच स्वतंत्र शोधाच्या दिशेने करावा लागेल. काश्मीरमधील दगडी फरशीखाली जाळ घालून तापवलेल्या हमामाशी असणारे साम्य तत्त्वापुरतेच आहे. हमामाची परंपरा मध्य व पश्चिम आशियाकडून आलेली आहे.

लिखित उल्लेखांपैकी सहाव्या शतकाच्या आरंभीच्या, ली दाओयुआन याच्या जलमार्गवर्णनपर ग्रंथातील एक उतारा महत्त्वाचा आहे. आजच्या हपै प्रांताच्या परिसरातील एका बौद्ध मठात दगडी फरशीखाली मार्ग खोदून बाहेरून जाळ घालीत व सारे सभागृह तापवीत, असे त्यात म्हटले आहे. ९४५ मध्ये पूर्ण झालेल्या तांग वंशाच्या जुन्या इतिहासात गोगुर्योतील गरीब लोक हिवाळ्यात लांब चर करून त्याखाली मंद विस्तव ठेवतात, असा उल्लेख येतो. येथे ‘गरीब’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे : ओंडोल वरच्या वर्गाकडून खाली झिरपले नसून खालून वर चढले, या मताला त्यामुळे आधार मिळतो. बाल्हेच्या (६९८–९२६) राजधानीतील प्रासादांच्या अवशेषांत मात्र दुहेरी पाट मिळाले आहेत.

प्रसार : संपूर्ण खोलीचे ओंडोल गोर्यो राजवटीच्या काळात (९१८–१३९२) रूढ झाले असावे. यांगजू येथील होएआम मठाच्या अवशेषांत मोठ्या दालनाखालील ओंडोल उघडकीस आले आहे. त्याचा काल गोर्योचा अखेरचा व त्यानंतरच्या जोसोन राजवटीचा आरंभीचा भाग असा धरतात. हादोंग जिल्ह्यातील चिल्बुल मठाच्या ध्यानगृहाबद्दल, एकदा जाळ घातला की ते कित्येक आठवडे उबदार राही, अशी ख्याती आहे. ते गोर्योपूर्वीच्या सिल्ला राज्याच्या काळातील असल्याची परंपरा मात्र पुराव्याने पडताळलेली नाही. जोसोनच्या पूर्वार्धात ओंडोलची खोली प्रायः वृद्ध व आजारी यांच्यासाठी असे आणि इतर जण लाकडी जमिनीवर निजत. सतराव्या शतकात हे चित्र पालटले. त्या काळातील वाढत्या थंडीशी या बदलाचा संबंध जोडला जातो. राजधानीभोवतीच्या डोंगरांवर साचलेल्या पाइनच्या पानांमुळे वणवे लागत, तेव्हा ती जाळून संपवण्यासाठी इंजो राजाच्या कारकिर्दीत (१६२३–४९) सर्वत्र ओंडोल करविले, ही कथा मनोरंजक असली तरी तेवढ्यावर एवढ्या मोठ्या बदलाचे कारण ठरवणे अवघड आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. घरोघरी सरपण लागू लागले आणि जोसोनच्या उत्तरार्धातील बोडक्या डोंगरांचे एक कारण म्हणून ओंडोलकडे बोट दाखवले जाते. १६५३ मध्ये जेजू बेटाजवळ जहाज फुटून कोरियात अडकलेला डच खलाशी हेंड्रिक हामेल याने खालून तापवलेल्या व तेलकट कागदाने मढवलेल्या जमिनींची नोंद केली आहे. १८९० नंतरच्या दशकात आलेल्या इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीची मात्र तक्रार होती : धर्मशाळांतल्या खोल्या तिला असह्य तापलेल्या वाटल्या.

वाऱ्याचा बंदोबस्त : जमीन तापली तरी डोक्याच्या पातळीवरची हवा गारच राही, पाठ भाजते आणि नाक गोठते, अशी तक्रार कोरियन लोकही करीत. म्हणून फटींवर स्वतंत्र उपाय असत. शरद ऋतूत दारांचा जुना कागद भिजवून काढीत, नवा ताणून चिकटवीत आणि तो चौकटीच्या कडेबाहेर बोटभर सोडीत. मुनपुंगजी नावाची ही कागदी झालर दार लावल्यावर फटीत दबून वारा अडवी. जोराच्या वाऱ्यात ती फडफडत राही. सधन घरांत आतून जाड कागदाने मढवलेली सरकती दारे, पडदे आणि बिछान्यामागे घडीचा पडदा (ब्योंगपुंग) असे. आगुंगीतले निखारे राखेत पुरून शेगडीत (ह्वारो) खोलीत आणीत; ती हात शेकण्यास, इस्त्री तापवण्यास व पाणी उकळण्यास उपयोगी पडे.

प्रादेशिक भेद : उत्तरेकडील हामग्योंगमध्ये स्वयंपाकघर व शेजारची तापती जमीन यांमध्ये भिंत नसते. जेजू बेटावर स्वयंपाकाची चूल व खोली तापवण्याचे तोंड वेगळे असून इंधन म्हणून गुरा-घोड्यांचे शेणही वापरीत.

आधुनिक काळ : विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सरपणाऐवजी भोके पाडलेल्या दगडी कोळशाच्या वड्या (योनतान) आल्या. त्यांनी जंगलतोड कमी होण्यास हातभार लावला, पण एक नवे संकट आणले. लाकडाचा धूर चिरेतून आला तर डोळ्यांना झोंबून माणसाला जागे करतो. योनतानमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. जमिनीतील बारीकशा चिरेमुळे झोपेतच मृत्यू आल्याच्या घटना १९६० व ७० च्या दशकांत दर हिवाळ्यात घडत. गरम पाण्याच्या नळ्यांनी हा धोका बहुतांशी दूर केला आणि बहुमजली सदनिकांतही ओंडोल शक्य झाले. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांना टोकियोतील एका कोरियन पद्धतीच्या खोलीत ओंडोलचा अनुभव आला होता. मॅडिसन येथील जेकब्ज गृहात (१९३७) त्यांनी जमिनीखालील नळ्यांची योजना केली. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये ओंडोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. लाद्या बसवणारे जुने कारागीर आता थोडे असून त्यांचे काम मुख्यतः मठ, राजवाडे व जतन केलेली हानोक घरे यांच्या दुरुस्तीपुरते उरले आहे.