सिबारिस नगर आणि ‘सिबॅरिटिक’ हे विशेषण

ऐषारामात लोळणाऱ्या माणसाला किंवा तशा राहणीला इंग्रजीत ‘सिबॅरिटिक’ म्हणतात. ‘चैनी’ या मराठी शब्दाच्या एक पायरी पुढचे हे विशेषण सिबारिस या प्राचीन ग्रीक नगराच्या नावावरून पडले आणि ग्रीकमधून लॅटिनमार्गे इंग्रजीत आले.

इ.स.पू. ७२०च्या सुमारास, दक्षिण इटलीत टारांटोच्या आखाताकाठी, दोन नद्यांमधल्या गाळाच्या जमिनीवर ग्रीक वसाहतकारांनी हे नगर वसवले. पिकाऊ जमीन आणि दूर आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मायलेटस या ग्रीक नगराशी चालणारा व्यापार यांवर ते इतके भरभराटीला आले की, ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोच्या म्हणण्यानुसार, पंचवीस नगरे त्याच्या अंमलाखाली होती. या श्रीमंतीभोवती आख्यायिकांचे पेव फुटले. झोपमोड होऊ नये म्हणून गावात कोंबडे पाळायला आणि ठोकाठोकीचे धंदे करायला बंदी होती. नवा पदार्थ शोधणाऱ्या आचाऱ्याला तो वर्षभर एकट्याने करून विकण्याचा हक्क मिळे. स्मिंडिरिडीस नावाच्या गृहस्थाला तर गुलाबपाकळ्यांच्या बिछान्यावर झोपून अंगाला फोड आले. आचाऱ्याची गोष्ट खरी असेल, तर एकाधिकाराचा तो फार जुना दाखला ठरतो.

मात्र यांतल्या बहुतेक गोष्टी नगर बुडाल्यावर पुष्कळ काळाने, आणि त्याही उपदेशाच्या ओघात, लिहिल्या गेल्या, हे ध्यानात ठेवायला हवे. इ.स.पू. ५१०मध्ये शेजारच्या क्रोटोन या ग्रीक नगराने, मिलो या नामांकित मल्लाच्या नेतृत्वाखाली, सिबारिसचा पाडाव केला आणि क्राथिस नदीचे पाणी नगरावर सोडले, असे सांगतात. या लढाईत क्रोटोनच्या लोकांनी बासरी वाजवताच सिबारिसचे शिकवलेले घोडे नाचू लागले, हीही जेत्यांच्याच सोयीची कथा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मात्र वेगळी नोंद ठेवली आहे: बातमी पोहोचताच मायलेटसच्या लोकांनी मुंडण करून सुतक पाळले. केवळ खुशालचेंडूंच्या गावासाठी कोणी डोकी भादरत नाही; पण इंग्रजीला मिळालेल्या विशेषणात व्यापाराचा मागमूस नाही, उरली ती गुलाबपाकळ्यांची गादी.

नगराचे अवशेष १९६०च्या दशकात कालाब्रियातल्या सिबारी गावाजवळ, कित्येक मीटर गाळाखाली, निश्चितपणे हाती लागले. तिथले भूजल इतके वर आहे की उत्खननाची जागा कोरडी ठेवायला पंप चालवावे लागतात, आणि २०१३च्या जानेवारीत त्याच नदीच्या, आजच्या क्रातीच्या, पुराने ती पुन्हा चिखलाखाली घातली.